वनराई कॉलनीतली सवाष्ण

गारखेड्याच्या पुढं, जिथं त्या काळी शहर संपायचं आणि नुसता मुरूम सुरू व्हायचा, तिथं वनराई कॉलनी वसली. नाव ठेवलं तेव्हा तिथं एक बाभळ आणि चार घाणेरीची झुडपं होती. ठेवणाऱ्याला ऊन लागलं असावं, दुसरं काय. पण पंधरा वर्षांनी, म्हणजे ही हकीकत घडली त्या साली, नाव अगदी खरं झालं होतं. तिसऱ्या गल्लीत भर दुपारी शिरलं तरी डोक्याला चटका बसत नसे. दोन्ही अंगांना गुलमोहर आणि बुचाची झाडं, फाटकाफाटकांवर मधुमालती, संध्याकाळी पोरांच्या सायकली, कोपऱ्यावरच्या मैदानात गोल गोल फिरणारे पेन्शनर. औरंगपुऱ्यातल्या गर्दीतून पाहुणे आले की म्हणत, लेकरं वाढवावीत तर अशा जागी.

हे ऐकलं की अनसूयाबाईंना आधी अभिमान वाटे आणि लगेच राग येई. कारण पाहुणा त्यांच्या ओट्यावर बसून चहा त्यांचा पिई आणि हे वाक्य बोलताना बघत मात्र असे शेजारच्या अंगणाकडं.

गल्लीत नऊ घरं. पहिलं अनसूयाबाईंचं. त्यांचे यजमान श्रीधरराव शिक्षण खात्यात हेडक्लार्क, माणूस गरीब, पेपर आणि पान एवढंच जग. ते दोघं इथं आले तेव्हा नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. अनसूयाबाईंनी तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून साठवून झाडं जगवली. गल्लीतला एकूणएक गुलमोहर त्यांच्या हातचा. आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचा लिंबही. तो कडुलिंब कुणी लावला नव्हता, आपसूक उगवला होता, पण शेळ्यांनी कधीच फस्त केला असता. अनसूयाबाईंनी त्याला काट्यांचं कुंपण केलं आणि अकरा उन्हाळे पाणी घातलं. लेक लग्न होऊन नाशिकला गेली, मुलगा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, लिंब मात्र वाढत राहिला. प्लॉट दुसऱ्याचा आहे हे त्यांना माहीत होतं. पण अकरा वर्षं कुणी विचारायलाच आलं नाही, की माणूस विसरतो.

चार वर्षांपूर्वी तो प्लॉट देवगाव रंगारीच्या बद्रीनाथांनी घेतला. गावाकडं भरपूर शेती, स्वतः बँकेत नोकरीला, पोरांच्या शाळेसाठी शहरात घर बांधलं. बायको सरूबाई. घरात पाच पोरं, तीन यांची आणि दोन दिराची. घर व्हायच्या आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावची काळी माती आली, शेणखत आलं, दौलताबादच्या पेरूचं कलम आलं. अनसूयाबाईंचा पेरू सहा वर्षं नुसता पानांनी फुगत होता. सरूबाईंचा दुसऱ्या पावसाळ्यातच लगडला. दारात कारल्याचा मांडव, कुंपणाला दोडका, मागं शेवगा. आणि लिंबाला झोका.

तो झोका बांधला त्या दिवसापासून गल्लीतलं एक पोर अनसूयाबाईंच्या ओट्यावर टिकेना. आधी हीच पोरं त्यांच्याकडं पारिजातकाचा सडा वेचायला येत, लिमलेटच्या गोळ्या खात, काकू काकू करत. आता शाळेतून आली की दप्तरं फेकून थेट लिंबाखाली. आरडाओरडा, हसणं, भांडणं, आणि मधूनच सरूबाईंचा खणखणीत आवाज, की पेरू धुऊन खा रे. झाड आपण जगवायचं आणि सावली त्यांच्या अंगणात पडायची, हा कुठला न्याय? अनसूयाबाई खिडकीचा पडदा ओढून घेत आणि श्रीधररावांना सांगत, गोंगाटाचा लई त्रास होतो हो. श्रीधरराव म्हणत, मला तर ऐकूसुद्धा येत नाही. गोंगाटाचा त्रास नव्हताच तो. जळत होत्या बाई, नखशिखांत जळत होत्या, आणि स्वतःशी ते नाव घ्यायची हिंमत नव्हती एवढंच.

बरं, सरूबाई भांडकुदळ असत्या तर सोपं गेलं असतं. त्या मधल्या बुटक्या भिंतीवरून हात लांब करून पेरू देत, मेथीची जुडी देत, खरवस देत. अनसूयाबाई गोड हसून घेत. पेरू फ्रिजमध्ये मऊ पडेपर्यंत तसेच राहत, मग त्या ते आपल्या वांझ पेरूच्या बुडाशी पुरून टाकत. खत म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

त्यातून भादवा आला. गणपती बसले आणि मागोमाग महालक्ष्म्या. आपल्या मराठवाड्यात या सणाला घरोघरी काय धांदल असते ते नव्यानं सांगायला नको. पहिल्या दिवशी दोघी बहिणी घरात येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणाला पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. पूजेला सोळा झाडांची पत्री. आणि दुसऱ्या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची. तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, ती जेवून तृप्त झाल्याशिवाय घरातल्या बाईनं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

पत्री म्हणजे अनसूयाबाईंचा मान. बेल, डाळिंब, जास्वंद, कण्हेर, मोगरा, काय नव्हतं त्यांच्याकडं! पहिल्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बाया परडी घेऊन येत आणि त्या सोळा सोळा पानांच्या जुड्या बांधून प्रत्येकीच्या हातात ठेवत. त्या दिवशी त्या गल्लीच्या सासूबाईच असत म्हणा ना. यंदाही त्यांनी जुड्या बांधल्या आणि ओट्यावर बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. परड्या घेतलेल्या बाया फाटकावरून पुढं गेल्या आणि सरूबाईंच्या अंगणात शिरल्या. तिथं आघाडा होता, केना होता, गावाकडनं आलेली दुर्वा होती. एकीनं जाता जाता हात हलवून म्हटलंसुद्धा, काकू, तुम्हाला उगाच कशाला त्रास, वय झालं आता. बावन्न वर्षांच्या बाईला! जुड्या ओट्यावर सुकल्या.

तरी एक आधार होता. उमा. समोरच्या घरातल्या डॉक्टरांची बायको. खरी अडचण अशी असते, की सवाष्ण आणायची कुठून? त्या दिवशी घरोघर हाच सण, प्रत्येक बाई आपल्याच चुलीशी. उमाचं माहेर-सासर दोन्ही कोकणातलं. त्यांच्याकडं खड्याच्या गौरी. सात खडे आणायचे, पुजायचे, अर्ध्या तासात बाई मोकळी. अख्ख्या गल्लीत मोकळी सवाष्ण ती एकटीच, आणि गेली सात वर्षं ती अनसूयाबाईंच्या पाटावर बसत होती. इतर बाया नातलगांना दूरदुरून बोलावत. अनसूयाबाईंना फक्त रस्ता ओलांडून सांगायला जावं लागे.

तशा त्या संध्याकाळी कुंकवाचा करंडा घेऊन गेल्या. उमाचा चेहरा पडला. ती म्हणाली, सरूबाई तर श्रावणातच सांगून गेल्या, मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. मग अनसूयाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, की काकू, तुम्ही जुन्या इथल्या, तुमच्याकडं तर कुणीही येईल. तिनं मनापासूनच म्हटलं होतं. अनसूयाबाईंना मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. हो गं, त्यात काय, असं म्हणून त्या घरी आल्या आणि करंडा इतक्या जोरात ठेवला की कुंकू फरशीवर सांडलं. पोरं नेली, झाड नेलं, पत्री नेली, आता सवाष्णही. श्रीधरराव म्हणाले, देवळातल्या पुजाऱ्याच्या बायकोला सांगून बघू का? त्या म्हणाल्या, काही नको, तुम्ही पेपर वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारी एक जीप येऊन थांबली. चार-पाच पांढऱ्या टोप्या उतरल्या, आत गेल्या, पाच मिनिटांत बाहेर आल्या. बद्रीनाथही घाईघाईनं जीपमध्ये बसले आणि जीप निघून गेली. प्रकार एवढाच होता, की देवगावची माणसं बाजार समितीच्या कामाला शहरात आली होती, येताना भाजीचं पोतं टाकून गेली आणि बद्रीनाथ त्यांना मोंढ्यात वाट दाखवायला गेले. अनसूयाबाईंना हे पक्कं माहीत होतं. कारण लगेचच सरूबाईंनी भिंतीवरून हे सगळं त्यांना सांगितलं होतं, आणि पोत्यातली दोन कोवळी पडवळं त्यांच्या हातात दिली होती. पडवळ बाजारात मिळत नव्हतं. अनसूयाबाईंची सोळावी भाजी त्याच्यावाचून अडली होती.

पडवळं घेऊन त्या वळल्या तर समोरच्या फाटकात उमा. तिनं विचारलं, काकू, शेजारी जीप कसली आली होती? सगळे टोप्या घालून, गंभीर दिसत होते.

जीभ घसरली असं म्हणायची सोय नाही. त्यांनी ती घसरवली.

"त्यांच्या भावकीत कुणीतरी गेलं म्हणे," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या. "सुतक आलं गं त्यांना. ऐन सणात."

उमानं तोंडावर हात ठेवला. जाऊन विचारून येते म्हणाली. अनसूयाबाईंनी तिला थोपवलं. त्यांना बोलायला जड जाईल, आणि आजच्या दिवशी सुतकाच्या घरी कशाला, दहा दिवस जाऊ देत. उमाला पटलं. मग ती म्हणाली, म्हणजे मी मोकळीच झाले, तुमच्याकडंच येते काकू. अनसूयाबाई म्हणाल्या, ये हो.

सुतकाची बातमी सांगताना बायांचा आवाज खाली जातो, पाय मात्र भराभर चालतात. नऊ वाजेपर्यंत आठवं-नववं घरसुद्धा हळहळून मोकळं झालं. सरूबाई पहाटे चारपासून मागच्या चुलीशी, त्यांना कुणाचं काय चाललंय याचा पत्ता नाही. आणि दहाच्या सुमाराला अनसूयाबाईंच्या फाटकात परड्या आल्या! काल सरूबाईंकडून आणलेली पत्री सुतकाआधीची का नंतरची, चालते का नाही, असा घोळ बायांनी घातला होता आणि शेवटी नकोच ती म्हणून नव्यानं मागायला आल्या होत्या. काकू, बेल आहे ना? काकू, डाळिंबाची चार पानं? अनसूयाबाईंनी हसतमुखानं झाडं ओरबाडली. जुड्या बांधताना त्या गुणगुणत होत्या, हे श्रीधररावांनी ऐकलं आणि त्यांनाही बरं वाटलं.

साडेबाराला उमा आली. पाय धुतले, ओटी भरली. पडवळाची भाजी तिनं दोनदा मागून घेतली. जेवून उठली, डॉक्टरांसाठी डबा बांधून घेतला आणि दवाखान्यात गेली. सगळं अगदी मनासारखं झालं. अनसूयाबाई आता स्वतःचं पान वाढून घेणार, एवढ्यात मागच्या भिंतीकडून हाक आली.

"काकू. ओ काकू."

सरूबाई उभ्या होत्या. नवं लुगडं, नाकात नथ, आणि ओठ सुकून पांढरे पडलेले. घरातले सगळे खोळंबले होते. बद्रीनाथ केव्हाच परत आले होते, पोरं उपाशी होती. बाराचं सांगितलं होतं, दोन वाजत आले तरी उमाचा पत्ता नाही. थोरल्या पोरीला पाठवलं तर डॉक्टरांच्या घराला कुलूप. पोरगी मग आणखी दोन घरी गेली. आई म्हणते थोडं येऊन बसा. त्या बायांनी तिच्याकडं कसंनुसं पाहिलं, नाही गं बाळा जमणार म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. पोरगी रडत परत आली.

सरूबाई हे सगळं सांगताना रडत नव्हत्या. भिंतीवरचा चुना नखानं खरवडत होत्या.

"आमच्या हातचं चालत नसंल तर तसं सांगावं ना, काकू," त्या म्हणाल्या. "श्रावणातच नाय म्हणायचं. वाईट वाटलं असतं, पण लेकराच्या तोंडावर दार तर लागलं नसतं. आम्ही खेड्यातली माणसं, आमची पायरी वेगळी, म्या समजून घेतलं असतं."

हे अनसूयाबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी खोटं बोलताना एका बाईची सवाष्ण पळवली होती, एवढाच हिशेब केला होता. त्याचा अर्थ भिंतीपलीकडं काय लागेल, त्या पोरीला काय लागेल, हा विचार करायला त्यांच्याजवळ सकाळी जागाच नव्हती. तिथं नुसती जळजळ भरलेली होती.

"तुम्ही येता का?" सरूबाई म्हणाल्या. "तुमचं जेवण झालं असंल तर दोन घास खा. खरं तर पहिल्यांदा तुम्हालाच विचारायचं मनात होतं. तुमचाच सण असतो म्हणून धजले नाय."

अनसूयाबाई पदर सावरून निघाल्या.

चार वर्षांत त्या घरात त्या दोनदा गेल्या असतील, तेही ओसरीपर्यंत. आत पाऊल टाकलं आणि, खरं सांगू का, लाज वाटायच्या आधी पुन्हा जळाल्याच. काय त्या महालक्ष्म्या! पितळी मुखवटे असे लखलखीत, की पोरींनी राख-चिंचेनं दोन दिवस घासले असणार. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा, मागं केळीचे खुंट, आणि कमान आख्खी लिंबाच्या डहाळ्यांची. त्यांच्या लिंबाच्या. पाच पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली, भुकेनं चेहरे उतरलेले, पण एकानं करंजीला हात लावलेला नाही. अनसूयाबाईंच्या घरी आज समोर बसलेले एकटे श्रीधरराव होते.

सरूबाईंनी पाट मांडला. परातीत कोमट पाणी घेतलं, त्यात दूध ओतलं आणि खाली बसून अनसूयाबाईंचे पाय हातात घेतले. हात राबलेले, खरखरीत, पण पाय मात्र फुलासारखे धरले. टाचेवरची भेग अंगठ्यानं हळूच चोळून धुतली, पदरानं पुसली, कुंकवाचं बोट लावलं आणि पायांवर डोकं ठेवलं. थोरली पोरगी बघत होती. तिचे डोळे अजून लाल होते.

ताट आलं. सोळा भाज्या, पुरणपोळी, वर तुपाची धार. सरूबाई वाढता वाढता सांगत होत्या, हे सकाळचंच पडवळ, तुम्हाला दिलं त्याच पोत्यातलं.

अनसूयाबाईंनी घास उचलला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

"सरूबाई, उमा माझ्यामुळं आली नाही," त्या म्हणाल्या. "मीच तिला सांगितलं, की तुमच्याकडं सुतक आहे. म्हणून कुणी आलं नाही. तुमच्या हातचं चालत नाही असं काही नाही. मी खोटं बोलले."

बद्रीनाथ दाराशी उभे होते, ते मागल्या मागं बाहेर गेले. सरूबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

"कोण मेलं म्हणून सांगितलं?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची अनसूयाबाईंनी कल्पनाच केली नव्हती.

"नाव नाही घेतलं कुणाचं. भावकीत कुणीतरी, एवढंच."

"गावाकडं सासूबाई अंथरुणावर हायेत माझ्या," सरूबाई म्हणाल्या. "सकाळी ती माणसं त्यांचाही निरोप घेऊन आली होती. खुशालीचा. महालक्ष्म्यांसाठी त्यांनी पडल्या पडल्या वाती वळून पाठवल्या."

वाती समोरच्या समईत जळत होत्या. अनसूयाबाईंना तिकडं बघवेना. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून असेल, त्यांनी सगळंच ओकून टाकलं. जळते मी तुमच्यावर, त्या म्हणाल्या. तुम्ही आल्यापासून जळते. गल्लीतली पोरं माझ्याकडं यायची. पत्री माझ्याकडून न्यायची. तो लिंब मी वाढवला, तुमचा प्लॉट रिकामा होता तेव्हा, अकरा उन्हाळे, उष्टं-खरकटं पाणी घालून. त्याला झोका बांधताना तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही.

सरूबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली.

"मला काय ठाऊक, लिंब तुमचा?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं भिंतीला भिंत. एकदा म्हणायचं होतं. झोका सोडून दिला असता. झाडासाठी माणूस कशाला मारायचं, काकू?"

अनसूयाबाई उठायला लागल्या. ताटावर बसायची आपली लायकी नाही, असं काहीसं पुटपुटल्या. सरूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं नव्हे. चांगला दाबून ठेवला.

"बसा खाली. ताटावरची सवाष्ण उपाशी उठली तर माझं वरीस वाया जाईल. लेकरं थांबलीत. जेवा, आणि पानात काय टाकू नका."

मग त्यांनी वाढलं. भात वाढला, आंबील वाढली, न विचारता दुसरी पोळी वाढली आणि तूप नीट पोळीभर फिरवलं. आवाज चढवला नाही की एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. अनसूयाबाई जेवल्या. असं जेवण वैऱ्यावरही येऊ नये. सोळाच्या सोळा भाज्या खाव्या लागल्या, आणि मेल्या चवीलाही एकाहून एक होत्या. पडवळ तर त्यांच्या स्वतःच्या हातच्यापेक्षा सरस झालं होतं. हेही त्यांच्या ध्यानात आलंच, आणि आपल्या ध्यानात आलं याची त्यांना किळस आली. पान स्वच्छ करून त्यांनी हात धुतला, तेव्हा कुठं सरूबाई तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या आणि त्यांनी पोरांची पानं मांडली.

निघताना खण-नारळानं ओटी भरली. पाच मुठी तांदूळ, एकही कमी नाही.

"सांजच्याला हळदीकुंकू हाये," सरूबाई म्हणाल्या. "गल्लीत सांगून या, आमच्यात सुतक नाय म्हणून. लेकीनं पुन्हा कुणाच्या दारात जायला नको."

एवढंच. बाकी काही मागितलं नाही.

पाच वाजता अनसूयाबाई निघाल्या. ओटीतला नारळ देव्हाऱ्यात ठेवला होता आणि नेहमीचं लुगडं नेसल्या होत्या. गुलमोहरांखाली सावली दाट झाली होती, कोपऱ्यावर कुणी रांगोळीचं डबडं घेऊन बसलं होतं. वाटेत त्यांनी एक बोलणं तयार केलं होतं. दूधवाल्यानं सांगितलं होतं, त्याची ऐकण्यात चूक झाली. दूधवाला सकाळचं दूध घालून दोन दिवसांच्या सुटीवर गेला होता, त्यामुळं पडताळा बघायची भीती नव्हती. बघा, अजूनही डोकं तिकडंच चालत होतं.

पहिलं घर उमाचं. ती दवाखान्यातून येऊन केस विंचरत होती, तशीच फाटकात आली. अनसूयाबाईंनी सांगितलं, की शेजारी सुतक नाही, कुणी गेलेलं नाही, सरूबाईंनी सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलंय. उमाचा हात केसांतच थांबला.

"अगंबाई. म्हणजे त्या आज माझी वाट बघत बसल्या असतील," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण काकू, सकाळी तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

पलीकडच्या अंगणातून झोक्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू येत होती. जेवून ताजीतवानी झालेली पोरं लिंबाखाली पुन्हा गोळा झाली होती. रडणारी ती थोरली आता झोक्यावर उभी होती आणि खाली कुणीतरी तिला जोरात झोका देत होतं. अनसूयाबाईंनी तिकडं पाहिलं. लाजेनं मान वर होत नव्हती, तरी आतलं ते जळणं तेवढ्यातही पुरतं विझलेलं नव्हतं. दूधवाला अगदी ओठांवर आला होता.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मीच उठवलं."

उमानं एकदा अनसूयाबाईंच्या पायांकडं पाहिलं. दुपारचं कुंकू अजून तसंच होतं. मग ती आत वळली आणि जाताना फाटकाची कडी लावून घेतली.

अनसूयाबाई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग पुढच्या फाटकाकडं निघाल्या. अजून सहा घरं राहिली होती, आणि सगळीकडं हाच प्रश्न येणार होता.